ठसा कुणाचा हे कळलं, पुढे काय?

वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली की रेशन दुकानात एक अडचण हमखास येते. महिनाभर बोंडं वेचलेल्या बाईचा अंगठा यंत्रावर 'लागत' नाही. ती हात पदराला पुसते, अंगठा पुन्हा दाबते, दुकानदार म्हणतो, "मावशी, दुसरं बोट लावून बघा." बाई समोर उभी, अंगठा तिचाच, कार्डही तिचंच, तरी यंत्र ओळख नाकारतं.

त्याच आठवड्यातल्या वर्तमानपत्रात कुठल्या तरी घरफोडीची बातमी असते आणि तिच्यात ठरलेलं वाक्य असतं : श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. चोराने काही आपला अंगठा नीट दाबून ठेवलेला नसतो. कपाटाच्या दारावर सापडतो तो अर्धा, फरकटलेला, धुळीत माखलेला ठसा. अख्खा अंगठा देऊनही जिथे ओळख पटत नाही, तिथे अशा अर्ध्या ठशावरून एखाद्याला तुरुंगात पाठवणं कितपत बरोबर?

उत्तर सापडायचं तर या एका प्रश्नाचे तीन तुकडे करावे लागतात. कातडीवरची नक्षी खरोखर प्रत्येकाची वेगळी असते का? त्या नक्षीची वस्तूवर उमटलेली छाप वाचताना आणि जुळवताना चूक होते का? आणि ठसा जुळला, तर नेमकं काय सिद्ध होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर भक्कम आहे. दुसऱ्याचं बरंच चांगलं आहे, पण निर्दोष नाही. तिसऱ्याचं उत्तर ठसा एकटा देऊच शकत नाही. गोंधळ होतो तो पहिल्या उत्तराचा भक्कमपणा उरलेल्या दोन्ही उत्तरांना उसना दिल्यामुळे.

नक्षी आईच्या पोटातच ठरते

गर्भ दहा-अकरा आठवड्यांचा झाला की बोटांच्या टोकांवर फुगीर गाद्या तयार झालेल्या असतात. वरच्या त्वचेच्या अगदी तळच्या थरात पेशी वेगाने वाढू लागतात आणि तिथे ओळीओळीने उंचवटे धरतात. ही वाढ एकाच ठिकाणाहून होत नाही. गादीचा मध्य, नखाच्या खालची बाजू आणि सांध्याची घडी अशा तीन जागांवरून रेषांच्या लाटा निघतात आणि एकमेकींना येऊन भिडतात. अशा रासायनिक चढाओढीतून आपोआप पट्टे उमटू शकतात, असं गणित ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडलं होतं. बोटांच्या रेषाही त्याच तऱ्हेने घडतात, हे एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. गादी उंच असेल तर रेषा गोल फिरतात, सपाट असेल तर कमानीसारख्या आडव्या जातात. साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत हे काम पुरं होतं. त्यानंतर बोट मोठं होतं, नक्षी तीच राहते.

वेगळेपणा कुठून येतो, हे शेतातल्या सरी-वरंब्यांवरून समजतं. शेजारी-शेजारी अगदी एका मापाची दोन वावरं घ्या. बैलजोडी तीच, औत तेच, हाकणाराही तोच. लांबून दोन्ही वावरं सारखी दिसतील. पण जवळ जाऊन पाहिलं तर एकात दगड लागून एक सरी मधेच तुटलेली असते, दुसऱ्यात रुंदी वाढली तिथे एका सरीच्या दोन झालेल्या असतात. सऱ्यांची दिशा जमिनीच्या आकाराने ठरली. त्या कुठे तुटतील आणि कुठे फुटतील, ते मात्र बारीकसारीक योगायोगांनी. जुळ्या भावंडांचं तसंच आहे. एकाच बीजाच्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, म्हणून ठशांचा ढोबळ आकार पुष्कळदा मिळताजुळता असतो. पण पोटातली जागा, दाब, वाढीचा वेग यांतल्या बारीक फरकांमुळे रेषांचं तुटणं-फुटणं वेगळं होतं. डीएनए चाचणीला जे जुळे एक वाटतात, ते ठशांत वेगळे निघतात.

नक्षीचा साचा खालच्या थरात असल्यामुळे वरचं कातडं सोललं, भाजलं किंवा कामाने झिजलं तरी काही आठवड्यांत तीच नक्षी पुन्हा वर येते. खोल जखम झाली तर कायमचा व्रण राहतो, आणि मग तो व्रणच ओळखीची आणखी एक खूण होतो.

चक्र, शंख आणि बारकावे

आपल्याकडे मुलं बोटांवरची चक्रं मोजतात. ठसेशास्त्राची पहिली पायरी तीच आहे. रेषा गोल फिरली तर चक्र, एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परत गेली तर शंख, आणि नुसती उंचावून पलीकडे गेली तर कमान. जगभरच्या बोटांत शंख सर्वांत जास्त, साधारण ६० ते ६५ टक्के; चक्रं ३० ते ३५ टक्के; कमानी ५ टक्क्यांच्या आसपास. आकार जुळला म्हणजे माणूस जुळला असं होत नाही, हे या आकड्यांतच दिसतं. आकार जुळला नाही, तर मात्र ते बोट नक्की वगळता येतं.

ओळख पटते ती बारकाव्यांवर. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे दोन रेषांमध्ये एक तुटका तुकडा किंवा ठिपका आहे, आणि या खुणांमध्ये किती रेषांचं अंतर आहे, हे पाहिलं जातं. शाईने नीट लोळवून घेतलेल्या एका ठशात अशा खुणा शंभराच्या आसपास असतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या तुकड्यात पुष्कळदा दहा-वीसच.

किती खुणा जुळल्या म्हणजे पुरे? यावर जगाचं एकमत नाही. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं १६ खुणांचा दंडक होता, तो २००१ मध्ये सोडून देण्यात आला. अमेरिकेत ठरावीक आकडा नाही. कारण सगळ्या खुणांचं वजन सारखं नसतं. सहज आढळणाऱ्या बारा खुणांपेक्षा दुर्मीळ रचनेतल्या आठ खुणा जास्त सांगून जातात. पण आकडा गेला की निर्णय तज्ज्ञाच्या नजरेवर येतो, आणि नजरेबरोबर माणसाच्या सगळ्या मर्यादाही येतात.

डोळ्यांना न दिसणारी छाप

चोराच्या बोटाला शाई नसते. असतो तो घाम. घामात बहुतांश पाणी आणि थोडे क्षार व अमिनो आम्लं असतात. कपाळ, केस, चेहरा यांना हात लावताना बोटांवर थोडं तेलही येतं. रेषांच्या उंचवट्यांवरचं हे मिश्रण वस्तूवर उतरतं आणि रेषांचं चित्र तयार होतं. पोलिसांच्या भाषेत तो 'चान्स प्रिंट'.

काच, स्टीलचं भांडं, रंग दिलेलं लोखंडी कपाट यांवर तो नीट राहतो. मातीची भिंत, खरबरीत लाकूड, गोणपाट यांवर जवळजवळ नाहीच. गुळगुळीत वस्तूवर मऊ ब्रशने बारीक भुकटी फिरवली की ती ओलसर, तेलकट रेषांना चिकटते. मग छायाचित्र काढून चिकटपट्टीने ठसा उचलतात. कागदावर भुकटी चालत नाही. तिथे निनहायड्रिन नावाचं रसायन वापरतात. ते अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देतं आणि कागदात मुरलेला जुना ठसाही वर आणू शकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ कामी येते : बंद पेटीत ती वाफ ठशाच्या रेषांवर पांढरी होऊन बसते.

हवामानाचाही इथे संबंध येतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा कोरड्या उन्हात ठशातलं पाणी लवकर उडून जातं आणि भुकटी धरायला काही उरत नाही. लहान मुलांचे ठसे तर मोठ्यांपेक्षा लवकर विरतात, कारण त्यांच्या त्वचेतले तेलकट घटक चटकन उडून जाणारे असतात. म्हणून ठसा सापडला नाही, याचा अर्थ तिथे कुणी आलंच नव्हतं असा होत नाही.

घरफोडी झालेल्या घरातला माणूस घाबरून कपाट आवरतो, विस्कटलेली भांडी लावतो, आलेले शेजारीही दोन-चार वस्तू उचलून बघतात. तपासाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पंचनामा होईपर्यंत हात न लावणं हेच शहाणपणाचं. नंतर पोलिसांनी घरच्या माणसांचेही ठसे मागितले, तर त्यात संशय नसतो. घरच्यांचे ठसे वगळल्याशिवाय परक्याचा ठसा निवडता येत नाही.

यंत्र यादी देतं, निवाडा माणूस करतो

आता रेशन दुकानातलं कोडं. तिथलं यंत्र एकच प्रश्न विचारतं : हा अंगठा या कार्डाच्या नोंदीतल्या अंगठ्याशी जुळतो का? 'जुळलं' म्हणण्यासाठी साम्याची एक पातळी ठरवलेली असते. ती सैल ठेवली तर एकाच्या नावचं धान्य दुसरा उचलेल, म्हणून ती कडक ठेवतात. बोंडांच्या टोकदार कडांनी, मातीने, सिमेंटने किंवा वयाने रेषा झिजल्या की अस्सल माणूसही त्या पातळीच्या खाली राहतो. यंत्र म्हणतं ते एवढंच, की मला पुरेसं दिसलं नाही. हा अंगठा दुसऱ्याचा आहे, असं ते म्हणत नसतं. तज्ज्ञ हाच झिजलेला अंगठा भिंगाखाली पाहील, नीट दिसणारा भाग निवडेल आणि कदाचित ओळख पटवेल.

तपासातला प्रश्न उलटा आहे : हा एक तुकडा लाखो-कोटी नोंदींपैकी कुणाचा? त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांकडे ॲम्बिस ही प्रणाली आहे. तिच्यात ठशांबरोबर चेहरा आणि बुबुळांच्याही नोंदी असतात. देशपातळीवर ऑगस्ट २०२२ मध्ये नाफिस ही प्रणाली सुरू झाली. तिच्यात अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीच्या ठशांना दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो आणि एका राज्यात सापडलेला ठसा दुसऱ्या राज्यातल्या नोंदींशी ताडता येतो. चित्रपटांत पडद्यावर लाल अक्षरांत एकच नाव झळकतं, तसं इथे होत नाही. यंत्र सर्वांत जवळच्या काही नोंदींची यादी देतं. त्यांतली एखादी खरी आहे की एकही नाही, हे तज्ज्ञ ठरवतो.

नोंदींचा साठा जितका मोठा, तितका गुन्हेगार सापडण्याचा संभव जास्त. पण त्याबरोबरच योगायोगाने सारख्या दिसणाऱ्या निरपराध बोटांची संख्याही वाढते. हा मुद्दा गोव्यातल्या एका प्रकरणात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वास्को इथल्या एका गंभीर गुन्ह्याच्या तपासात सीबीआयला घटनास्थळी मिळालेले ठसे गोव्यातल्या आधार नोंदींशी ताडून पाहायचे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या दिशेने आदेश दिला, आधार प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. आधारची यंत्रणा गुन्हेतपासासाठी बनवलेलीच नाही, असं प्राधिकरणाचं म्हणणं होतं. त्याच्या २०१२ च्या अहवालात एक आकडा आहे. ८ कोटी ४० लाख नोंदी असताना नव्याने येणाऱ्या दर एक लाख अस्सल व्यक्तींमागे ५७ जणांना यंत्राने चुकून 'आधीच नोंदलेले' ठरवलं होतं. तेही दहा स्वच्छ बोटं आणि दोन बुबुळं हाताशी असताना. एका फरकटलेल्या बोटाचा तुकडा घेऊन कोट्यवधी नोंदींत शिरलं, तर किती निरपराध यादीत येतील, याचा अंदाज त्यावरून करता येईल. पुढे २०१६ च्या आधार कायद्याने ठसे आणि बुबुळांची नोंद कुणालाही देण्यावर बंदी घातली.

माद्रिदची पिशवी

मोठ्या साठ्यातला योगायोग काय करू शकतो, हे २००४ मध्ये जगाने पाहिलं. ११ मार्चला स्पेनमध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठसा सापडला. स्पेनच्या पोलिसांनी त्याचं चित्र अमेरिकेच्या एफबीआयकडे पाठवलं. संगणकाने वीस जणांची यादी दिली. तिच्यातलं एक नाव ऑरेगन राज्यातल्या ब्रँडन मेफील्ड या वकिलाचं होतं. एफबीआयच्या तीन तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचं सांगितलं. नंतर न्यायालयाच्या वतीने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. मेफील्ड स्पेनला गेल्याचा काहीही पुरावा नव्हता. स्पेनचे पोलीस एप्रिलमध्येच म्हणाले होते, की हा ठसा जुळत नाही. तरी ६ मे रोजी त्याला ताब्यात घेतलं गेलं. दोन आठवड्यांनी स्पेनने तो ठसा अल्जीरियाच्या औनान दाऊद याचा असल्याचं दाखवून दिलं. एफबीआयने माफी मागितली आणि २००६ मध्ये अमेरिकी सरकारने २० लाख डॉलरची भरपाई दिली.

नंतरच्या चौकशीत चुकीची वाट उलगडली. कोट्यवधी नोंदींतून संगणकाने जो शोधला, तो ठसा मूळ ठशाशी खरोखरच विलक्षण सारखा होता. आणि संगणकाचं कामच असं सारखं शोधण्याचं. काही खुणा जुळल्यावर तज्ज्ञांनी मेफील्डच्या स्वच्छ ठशात जे दिसलं, ते पिशवीवरच्या पुसट ठशात शोधायला सुरुवात केली. शोधायला गेलं की सापडतंच. न जुळणाऱ्या जागांना 'दाब वेगळा पडला असेल', 'दोन ठसे एकावर एक आले असतील' अशी कारणं मिळत गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत आधीच ठाऊक होतं.

नजरेवर असा परिणाम होतो का, हे ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ इटिएल ड्रोर यांनी २००६ मध्ये तपासलं. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी ठशांची एकेक जोडी दिली आणि माद्रिद प्रकरणात चुकलेली जोडी ती हीच, असं सांगितलं. खरं तर ती जोडी काही वर्षांपूर्वी त्या त्या तज्ज्ञाने स्वतःच 'जुळते' म्हणून निकालात काढलेली होती. या वेळी पाचांपैकी चौघांनी आपलं जुनं मत बदललं. प्रयोग लहान होता, पण ठसा तोच, माणूस तोच, आणि निष्कर्ष वेगळा, हे दाखवायला पुरेसा होता.

चुका किती होतात?

सुमारे शतकभर ठसेतज्ज्ञ कोर्टात 'शंभर टक्के' असं सांगत आले. हे खरं किती, ते मोजायचं मोठं काम २०११ मध्ये झालं. एफबीआयच्या सहकार्याने झालेल्या त्या चाचणीत १६९ तज्ज्ञांनी भाग घेतला. उत्तरं फक्त आयोजकांना ठाऊक होती. वेगळ्या व्यक्तींचे ठसे 'एकाचेच' ठरवण्याची चूक ०.१ टक्का निघाली, म्हणजे हजारात एक. एकाच व्यक्तीचे ठसे 'वेगळे' ठरवण्याची चूक मात्र ७.५ टक्के. तज्ज्ञ निरपराधाला अडकवण्यापेक्षा दोषीला निसटू देण्याची चूक कितीतरी जास्त करतात, असा याचा अर्थ. २०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी याच आकड्यांवरून सांगितलं, की नमुन्याचा लहानपणा लक्षात घेता चुकीने जुळवण्याचं प्रमाण ३०६ मध्ये एक इतकंही असू शकतं.

हे आकडे वाईट नाहीत. प्रत्यक्षदर्शीच्या आठवणीपेक्षा ठसा पुष्कळ भरवशाचा. पण हजारात एक म्हणजे शून्य नव्हे. शिवाय हे प्रमाण, आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असलेल्या तज्ज्ञांचं आहे. वरिष्ठांचा तगादा, गाजलेला गुन्हा आणि आधीच ठरलेला संशयित समोर असताना ते तेवढंच राहील, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

कुणाचा हे कळलं. केव्हाचा आणि कशासाठी?

समजा, ठसा स्वच्छ आहे, जुळणी अचूक आहे. मग सिद्ध काय झालं? एवढंच, की या बोटाने या वस्तूला कधी तरी स्पर्श केला. ठशावर तारीख नसते. घामाच्या घटकांवरून त्याचं वय ठरवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण कोर्टात बिनचूक टिकेल अशी सर्वमान्य पद्धत अजून नाही.

सेवाग्राम आश्रमात जपून ठेवलेला गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी जून २०११ मध्ये सगळीकडे पसरली. चष्मा दिसेनासा झाला होता त्याच्या काही महिने आधीच. अशा जागेचा ठसेतज्ज्ञाच्या नजरेने विचार करून पाहा. देशभरातून लोक तिथे येतात, काचेवर हात टेकवून आत डोकावतात. कार्यकर्ते ती काच रोज पुसतात. महिने उलटल्यावर तिथे ठसे घेतले, तर चोराचा ठसा एव्हाना पुसला गेलेला असण्याचीच शक्यता मोठी. आणि जे ठसे मिळतील, ते बहुधा काचेला हात लावण्याचा पूर्ण हक्क असलेल्या माणसांचे. याउलट एखाद्याच्या बंद घरात, कुलूपबंद तिजोरीच्या आतल्या बाजूला अनोळखी माणसाचा ताजा ठसा सापडला, तर त्याला खुलासा देणं जड जाईल. दोन्हीकडे जुळणी तितकीच पक्की असेल, पण पुराव्याचं वजन जागेवरून ठरतं.

हा विवेक भारतातल्या ठशांच्या सुरुवातीच्या एका खटल्यातच दिसतो. बंगालमधल्या जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला, तिजोरी लुटली गेली. तिथल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचे डाग होते. कोलकात्यात १८९७ मध्ये जगातलं पहिलं ठसे केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या नोंदींवरून तो ठसा कांगाली चरण या जुन्या नोकराच्या अंगठ्याचा निघाला. चोरीच्या जुन्या शिक्षेमुळे त्याची नोंद होती. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, पण खुनाच्या आरोपातून सोडलं. ठसा त्याला तिथे आणून उभा करत होता; सुरी कुणी चालवली, हे तो सांगत नव्हता.

दहा बोटं द्यायची कुणी?

कोलकात्याच्या केंद्रामागे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं नाव लागलं. वर्गीकरणाचं किचकट गणित मात्र बरंचसं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या दोन हाताखालच्या अधिकाऱ्यांचं. चक्र कोणत्या बोटावर आहे, त्यावरून आकडे देऊन त्यांनी दहा बोटांच्या पत्रिका १,०२४ कप्प्यांत विभागल्या. संगणक नसताना लाखो नोंदींतून एक शोधणं त्यामुळे शक्य झालं.

हेन्री यांचं पुस्तक वाचलेल्या एका बॅरिस्टरने पुढे वर्ध्याजवळ सेवाग्राम वसवलं. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सवालमध्ये प्रत्येक भारतीयाने दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा, असा कायदा येऊ घातला. कायद्याने असे ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे गांधीजींना त्या पुस्तकातून ठाऊक होतं. सगळ्या समाजाला संशयित ठरवणारी ही सक्ती त्यांना अपमान वाटली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत विरोधाची शपथ घेतली गेली आणि सत्याग्रहाचा जन्म झाला. जानेवारी १९०८ मध्ये ट्रान्सवाल सरकारचे मंत्री स्मट्स यांच्याशी तडजोड झाली, तेव्हा मात्र गांधीजींनी आपण होऊन ठसे द्यायचं ठरवलं. नोंदणीला जाताना, १० फेब्रुवारीला, चिडलेल्या एका साथीदाराने त्यांना मरणाची मारहाण केली. तरी त्यांनी अंथरुणावरूनच ठसे दिले. त्यांचा विरोध बोटांवरच्या शाईला नव्हता. सक्तीला आणि तिच्यामागच्या गृहीताला होता.

तोच प्रश्न पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं राज्यघटना सांगते. मग आरोपीचे ठसे घेणं ही सक्तीची साक्ष नाही का? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने 'नाही' असं उत्तर दिलं. ठसा हा स्वतःच्या माहितीतून केलेलं निवेदन नव्हे. आरोपीच्या इच्छेने तो बदलत नाही. तो केवळ ताडून पाहण्याची वस्तू आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने ठशांबरोबर आणखी मोजमापं घेण्याचा अधिकार दिला आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे तुलनेचा साठा वाढणार, आणि त्याबरोबर माद्रिदसारख्या योगायोगाचा धोकाही.

कोर्टात ठशाची जागा

१९७९ मध्ये पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगठ्याचा ठसा ओळखण्याच्या शास्त्राला अचूक आणि निःसंशय म्हटलं. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये राजस्थानातल्या एका खून खटल्यात पितळी भांड्यावरचा जुळणारा ठसा मानायला नकार दिला. आक्षेप शास्त्रावर नव्हता. जप्त केलेला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुणी हाताळला नाही याचा पुरावा नव्हता, आणि आरोपीचे नमुना ठसे दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेले नव्हते. नंतरच्या निकालांतही ठसेतज्ज्ञाचं मत हा इतर पुराव्याला बळ देणारा पुरावा मानला गेला. केवळ त्याच्यावर सगळा भार टाकू नये, असा सूर राहिला. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तज्ज्ञाचं मत हे मतच आहे, कलम ३९ खाली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि चित्रीकरण करणं अपेक्षित धरलं आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. भांड्यावरचं सील कुणी, केव्हा लावलं, यावरचे वाद त्याने कमी व्हावेत.

थोडक्यात

- बोटांवरची नक्षी गर्भातच ठरते आणि आयुष्यभर टिकते. एकबीज जुळ्यांचीही वेगळी असते.
- घटनास्थळी सापडतो तो त्या नक्षीचा तुकडा, आणि पुष्कळदा पुसट.
- संगणक संभाव्य नावांची यादी देतो. अंतिम मत तज्ज्ञाचं.
- २०११ च्या चाचणीत तज्ज्ञांनी वेगळे ठसे चुकीने जुळवण्याचं प्रमाण हजारात एक, तर जुळणारे ठसे सोडून देण्याचं ७.५ टक्के आढळलं.
- जुळलेला ठसा स्पर्श सिद्ध करतो. वेळ, हेतू आणि गुन्हा इतर पुराव्याने सिद्ध करावे लागतात.
- ठसा न सापडणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे.

काय करता येईल?

ठशावरचा विश्वास कमी करण्याचं कारण नाही. तो योग्य मापाचा करण्याची गरज आहे. त्यासाठी महागडी यंत्रंही लागत नाहीत. तज्ज्ञाने आधी घटनास्थळचा ठसा एकटा पाहून त्यातल्या खुणा नोंदवाव्यात आणि मगच संशयिताचा ठसा उघडावा. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत आणि गुन्ह्याची कहाणी सांगू नये. अहवालात नुसतं 'जुळतो' न लिहिता कोणत्या खुणा, कुठे आणि का जुळतात, ते चित्रासह मांडावं. न जुळणाऱ्या जागाही लपवू नयेत. तज्ज्ञांना अधूनमधून खऱ्या प्रकरणांत मिसळलेले चाचणीचे ठसे द्यावेत, म्हणजे चुकीचं प्रमाण परीक्षेतलं नव्हे, रोजच्या कामातलं कळेल.

आणि बचाव पक्षाच्या वकिलाने, न्यायाधीशाने आणि बातमी लिहिणाऱ्यानेही 'आरोपीचा ठसा सापडला' हे वाक्य पुढ्यात आलं, की तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या वस्तूवर, नेमका कुठल्या जागी, आणि त्याचा हात तिथे निष्पापपणे पोहोचायला दुसरी वाट होती का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी पायपीट करून, माणसांना भेटून, साक्षी तपासून करायचा जुना पोलीस तपासच लागतो.